पक्षाचा माणूस आसनावर बसतो तेव्हा : दादासाहेब मावळंकर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब, आयुष्यभर काँग्रेसचे. अहमदाबादच्या राजकारणात वाढले, तुरुंगात गेले, मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले, पुढे लोकसभेचे. या सगळ्यात त्यांनी पक्ष कधी सोडला नाही. मग निःपक्षपाती अध्यक्षाचा नमुना म्हणून त्यांचं नाव का घेतलं जातं? आणि ते तसे असतील तर १९५४ साली त्यांना हटवण्याचा ठराव का आला? तुमच्या प्रबंधाच्या मसुद्यावर मार्गदर्शकांनी नेमका हाच शेरा मारला आहे, असं तुम्ही लिहिलंय.

मी विधिमंडळाच्या सचिवालयात तीसेक वर्षं काढली. त्यातली बरीच अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मेजावर गेली. सभागृह पेटलेलं असताना अध्यक्ष मान किंचित वळवून हळूच "नियम काय म्हणतो?" असं विचारतात, तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी त्या मेजावरच्या माणसांची असते. त्यामुळे माझं उत्तर त्या मेजावरून जसं दिसलं तसं आहे.

आधी मसुद्याबद्दल. तुम्ही सुरुवात १९४६ पासून, दिल्लीपासून केली आहे. अडचण तिथेच आहे. दिल्लीत आले तेव्हा मावळंकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांची जडणघडण होऊन गेली होती. ती समजून घ्यायची तर अहमदाबादला जावं लागतं.

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. दादासाहेबांचा जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८ चा. शाळेची काही वर्षं राजापुरात गेली. १९०२ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी ते अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली विज्ञान घेऊन बी. ए., मग मुंबईत कायदा, आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली. वकिली जमत असतानाच १९१६ मध्ये ते गुजरात सभा या राजकीय संस्थेचे सचिव झाले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाआधी अर्जविनंत्या करण्याचं काम याच सभेने केलं होतं. आणेवारीचा वाद आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पीक चार आण्यांच्या, म्हणजे पूर्ण पिकाच्या पाव भागाच्या, आत आलं तर त्या वर्षीचा सारा तहकूब, असा नियम होता. सरकार म्हणे पीक त्याहून जास्त आहे, शेतकरी म्हणत कमी आहे. भांडण आकड्यांचं होतं आणि ते कागदावर, पुराव्यानिशी मांडावं लागत होतं. वकील सचिवाची तालीम अशी झाली.

त्या काळातला गुजरात क्लबातला एक प्रसंग मावळंकरांनीच पुढे सांगितला आहे. गांधी क्लबात आले आणि मावळंकर त्यांचं ऐकायला उठले. पत्त्यांच्या टेबलावरून वल्लभभाई पटेलांनी त्यांना टोकलं : तिथे जाऊन काय ऐकणार, गव्हातले खडे निवडता येतात का एवढंच ते विचारतील. वल्लभभाई नंतर गांधींचे कसे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला या प्रसंगात उठून जाणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. जवळच्या मित्राने चेष्टा केली तरी समोरच्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यायचं, ही सवय त्यांना तेव्हापासून होती.

१९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून गेले. मध्ये खंड पडत १९३७ पर्यंत ते तिथे होते. १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये नगरपालिकेचे अध्यक्ष. प्रबंधात हा काळ तुम्ही एका वाक्यात उरकलाय. माझ्या मते त्यांची अध्यक्ष म्हणून खरी घडण इथे झाली.

कारण सांगतो. नगराध्यक्ष एका अंगाने पुढारी असतो आणि दुसऱ्या अंगाने सभेचा अध्यक्ष. सकाळी ज्या गटाबरोबर बसून पाणीपट्टीचं धोरण ठरवायचं, दुपारी त्याच गटाच्या आणि विरोधकांच्या मधोमध बसून "वेळ संपली, खाली बसा" असं म्हणायचं. नगरपालिकेची सभा ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. विषयपत्रिकेवर नसलेला "ऐनवेळचा विषय" घुसवायला आपलेच लोक पुढे असतात. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना शब्द बदलायला लावणारेही बहुतेक वेळा आपलेच. विरोधकाला आवरणं सोपं असतं, कारण तो विरोधक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. संध्याकाळी ज्याच्या घरी जेवायला जायचंय त्याला आवरायला शिकावं लागतं. मावळंकर ते दिल्लीला जाण्याच्या पंधरा वर्षं आधी शिकले. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शिवराज पाटील आहेत : आधी लातूरचे नगराध्यक्ष, मग १९७० च्या दशकाच्या अखेरीला महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष, आणि १९९१ ते ९६ लोकसभेचे. वाट तीच.

संघटनेतलं कामही होतंच. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्ष वल्लभभाई, सरचिटणीस मावळंकर. खुर्च्या काढून टाकून सगळ्यांना जमिनीवर बसवलं होतं ते हेच अधिवेशन. पुढे मिठाचा सत्याग्रह, वैयक्तिक सत्याग्रह, चले जाव. सगळे तुरुंगवास मिळून सुमारे सहा वर्षं होतात. तेव्हा "पक्का पक्षाचा माणूस" हे तुमच्या मार्गदर्शकांचं वर्णन खरं आहे. ते खोडायच्या भानगडीत पडू नका.

आता १९३७. भारत सरकार कायदा १९३५ खाली निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष, पण जेमतेम निम्म्याच्या आसपास. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि जुलै १९३७ मध्ये मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. सिंध आदल्याच वर्षी वेगळा निघाला होता, तरी सभागृहात मराठी, गुजराती आणि कन्नड जिल्ह्यांची माणसं होती. सरकारच्या बाजूला कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई. समोर मुस्लिम लीग, जमनादास मेहता आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या अध्यक्षासमोर एका बाजूला मुन्शी आणि दुसऱ्या बाजूला आंबेडकर कायद्याचा कीस पाडत असतील, त्याला दररोज सकाळी अभ्यास करून यावंच लागलं असणार.

एक गोष्ट तुमच्या प्रबंधात जरूर घ्या. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक याच सभागृहात मांडलं. खोती म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनपद्धत, कोकणाचा, त्यातही रत्नागिरीचा जुना, दुखरा प्रश्न. मावळंकरांचं मूळ गाव त्याच मुलखातलं. आसनावर बसलेल्या माणसाला त्या विषयाची पाळंमुळं माहीत होती आणि तरी त्यावर एक शब्दही बोलायची मुभा नव्हती. अध्यक्षाच्या आयुष्यातला हा भाग बाहेरून दिसत नाही. राजकारणात माणूस बोलून मोठा होतो. अध्यक्ष झाला की त्याने बोलणं इतरांच्या स्वाधीन करायचं असतं. १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकावरही सभागृह असंच तापलं होतं. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा संप झाला. सरकार मावळंकरांच्या पक्षाचं होतं आणि संप पुकारणारे त्यांच्यासमोर बसत होते.

मग १९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९३५ च्याच कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. विधानसभा विसर्जित झाली नाही, ती नुसती स्थगित होती. म्हणजे अध्यक्षपद कागदोपत्री होतं आणि अध्यक्ष तुरुंगात. त्या तुरुंगातल्या अट्टल गुन्हेगारांशी मावळंकरांनी केलेल्या गप्पा आणि त्यातून त्यांना दिसलेली माणसं त्यांनी पुढे गुजरातीत लिहून ठेवली आहेत. गुजराती वाचता येत असेल तर ते लिखाण मिळवा. खुनाच्या आरोपात शिक्षा झालेल्याचंही म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेणारा माणूस त्यात भेटतो.

दिल्लीचा भाग तुम्ही चांगला लिहिलाय, म्हणून मी भरभर जातो. २४ जानेवारी १९४६ ला केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३. तीन मतांनी. १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ती सभाच संपली, त्याबरोबर पदही. घटना समिती एकाच वेळी घटनाही करत होती आणि कायदेही. ही दोन कामं वेगळी कशी करायची ते ठरवायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मावळंकर. त्यानंतर १७ नोव्हेंबर १९४७ ला कायदे करणाऱ्या सभेचे अध्यक्ष, १९५० पासून हंगामी संसदेचे, आणि १५ मे १९५२ ला पहिल्या लोकसभेचे. त्या शेवटच्या निवडणुकीत ३९४ विरुद्ध ५५ मतं पडली. विरोधी उमेदवार होते सोलापूरचे शेकापचे शंकरराव शांताराम मोरे. दोघंही मुंबई प्रांताच्या राजकारणातून आलेले, हे तळटीपेत तरी घ्या.

आता मुख्य मुद्दा. त्यांनी पक्ष का सोडला नाही?

इंग्लंडातला दाखला सगळे देतात : अध्यक्ष झाला की तो पक्ष सोडतो आणि त्याच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार देत नाहीत. पहिल्या अर्ध्याचा आग्रह सगळे धरतात, दुसऱ्या अर्ध्याचा कोणी धरत नाही. मावळंकरांची भूमिका सरळ होती. पुढची निवडणूक पक्षाच्या तिकिटावर लढवायची असेल तर पक्ष सोडल्याचं नाटक करण्यात अर्थ नाही. अध्यक्षाची जागा बिनविरोध राहण्याचा संकेत आधी पडू द्या, मग पक्ष सोडण्याचं बघू. तोवर पक्षाचं सदस्यत्व ठेवायचं, पण पक्षाच्या रोजच्या कामात, बैठकांत, वादविवादात पडायचं नाही. पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदांमध्येही या संकेताची चर्चा झाली. तो काही रुजला नाही.

नंतर दुसरा मार्गही कोणी चोखाळला नाही असं नाही. नीलम संजीव रेड्डी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसमधून बाहेर पडले. तुमच्या मार्गदर्शकांना हेही सांगा की १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, पाचवा परिच्छेद आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष वगैरे पदांवर निवडून आलेल्याने त्या पदासाठी पक्ष सोडला आणि पद गेल्यावर पुन्हा त्याच पक्षात गेला, तरी तो अपात्र ठरत नाही. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय. त्यातून जाणारे मला माझ्या सबंध नोकरीत दिसले नाहीत. त्याच अनुसूचीने उलट आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडेच दिला. मावळंकरांना कधीच न उचलावं लागलेलं हे ओझं आहे. पक्षाच्या तिकिटावर आलेल्या माणसाने पक्षफुटीचा न्यायनिवाडा करायचा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या शिवसेना फुटीच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हाही अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच ठेवला. मावळंकरांशी आजच्या अध्यक्षांची तुलना करताना हा फरक विसरलात तर आजच्यांवर अन्याय होईल.

पण मग पक्षात राहून निःपक्षपात कसा सांभाळायचा? माझं उत्तर असं की तो मनावर सोडायचा नाही, कामाच्या पद्धतीत बांधून टाकायचा. हे मी एका सकाळी पाहिलं. अधिवेशनाचा दिवस होता. अध्यक्षांच्या दालनात स्थगन प्रस्तावाच्या, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या, सूचनांचा गठ्ठा आला होता. त्या काळचे आमचे अध्यक्ष गठ्ठ्यातला एकेक कागद घेत, खालचा सह्यांचा भाग मागे दुमडत आणि मग वाचत. विषय ताजा आहे का, निश्चित आहे का, सरकारच्या जबाबदारीतला आहे का, न्यायप्रविष्ट तर नाही ना. ग्राह्य की अग्राह्य, तो शेरा समासात पेन्सिलीने लिहीत. सगळे कागद झाल्यावर घड्या उलगडून नावं बघत. एकदा उलगडल्यावर त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या ज्येष्ठ सदस्याची सही निघाली, शेरा अग्राह्य होता. त्यांनी तो बदलला नाही. कारण सांगायला त्या सदस्याला दालनात बोलावून घेतलं. ते काही पक्षाबाहेरचे नव्हते. आपल्या मनाला पक्षपाताची संधीच मिळू नये अशी सोय त्यांनी केली होती, एवढंच.

मावळंकरांनी ही सोय सबंध संसदेसाठी केली. त्यांचं मोठेपण मी इथे मानतो. १९५० पर्यंत सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष खुद्द अर्थमंत्रीच असत! खर्च करणारा आणि तपासणारा एकच. १९५० मध्ये ती समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली, त्याच वर्षी अंदाज समिती सुरू झाली. कामकाज सल्लागार समिती, दुय्यम विधिविधान समिती, खासगी सदस्यांच्या विधेयकांची समिती, अर्ध्या तासाची चर्चा, अल्पकालीन चर्चा, आणि १९५४ पासून लक्षवेधी सूचना, ही सगळी त्या काळातली बांधणी. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी लक्षवेधी हे तर आज आपल्या विधानसभेतलं सगळ्यात गाजणारं आयुध. मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांत रोज ऐकू येणारा तो शब्द आला तो त्या बांधणीतून.

यातली एक समिती मला फार जवळची आहे, कारण मी तिथे काम केलं : शासकीय आश्वासन समिती. लोकसभेत ती डिसेंबर १९५३ मध्ये नेमली गेली. कल्पना अगदी साधी. मंत्री सभागृहात उत्तर देताना सहज बोलून जातात, "तपासून घेऊ", "माहिती मागवली आहे, ती पटलावर ठेवण्यात येईल", "याबाबत विचार चालू आहे", "चौकशी करून कारवाई करू". पूर्वी ते वाक्य हवेत विरून जायचं. समिती आल्यावर ते विरायचं थांबलं. कोणते शब्द आले की ते आश्वासन धरायचं, याची ठरलेली यादी असते. प्रतिवेदकांकडून आलेली असुधारित प्रत समोर घेऊन आम्ही ओळ न् ओळ वाचायचो. यादीतला वाक्प्रयोग दिसला की त्याखाली लाल रेघ, समासात क्रमांक, आणि तो क्रमांक संबंधित विभागाला पत्राने. मुदतीत उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, मग समितीपुढे सचिवांची साक्ष. एका तालुक्यातल्या पुलाचं आश्वासन होतं. मंत्री बदलले, सरकार बदललं, आमच्या वहीतला क्रमांक तोच राहिला. शेवटी पुलाचा कार्यारंभ आदेश पटलावर आला तेव्हा प्रश्न विचारणारे आमदार पुढची निवडणूक हरून घरी बसले होते. मी त्यांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

विरोधी बाकावरच्या सदस्याच्या हातात सरकारी उत्तराचा असा मालकी हक्क देणारा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा होता. निःपक्षपात म्हणजे हसतमुखाने दोन्हीकडे सारखं बघणं असं समजू नका.

अध्यादेशांबद्दलही त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या सरकारला सोडलं नाही. १९५० मध्ये संसदीय कामकाज मंत्र्यांना आणि १९५४ मध्ये थेट पंतप्रधान नेहरूंना त्यांनी लिहिलं. आशय असा की अध्यादेश काढण्याची रीत मुळातच लोकशाहीला धरून नाही, अगदी निकड असेल तरच ती वापरावी, आणि वेळ नाही म्हणून विधेयकाऐवजी अध्यादेश काढण्याची सवय लागली तर संसदेला किंमत राहणार नाही. ही भीती किती खरी होती ते पुढे पुण्यातल्याच एका अभ्यासकाने दाखवलं. गोखले संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये १९६७ ते ८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं कसे जिवंत ठेवले ते शोधून काढलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने त्या पद्धतीला घटनेशी केलेली फसवणूक ठरवलं. मावळंकरांची पत्रं आणि हा निकाल प्रबंधात एकापुढे एक ठेवा.

आता १९५४ चा ठराव. इथे मी मावळंकरांची सरसकट बाजू घेणार नाही.

विरोधकांची मुख्य तक्रार होती की अध्यक्ष स्थगन प्रस्तावांना संमती देत नाहीत आणि प्रश्न नाकारतात. तक्रारीत तथ्य होतं. मावळंकरांनी स्थगन प्रस्तावाचं दार खरोखरच अरुंद केलं होतं. त्यांचा युक्तिवाद असा : इंग्रजांच्या काळात सरकार सभागृहाला जबाबदार नव्हतं, त्याला मत देऊन खाली ओढता येत नव्हतं, म्हणून राग व्यक्त करायला स्थगन हेच हत्यार होतं. आता सरकार लोकांनी निवडलेल्या सभागृहाला जबाबदार आहे. स्थगन प्रस्तावात सरकारवर ठपका ठेवण्याचा भाग असतो, तेव्हा तो अपवाद म्हणूनच यावा. रोजच्या तातडीच्या गोष्टींसाठी दुसरी आयुधं आहेत. युक्तिवाद बिनतोड आहे. पण समोरचा विरोधी पक्ष किती लहान होता ते बघा. मूठभर माणसांच्या हातून जुनं हत्यार काढून घ्यायचं आणि नवी हत्यारं अजून त्यांच्या हातात रुळलेली नाहीत, त्या मधल्या दोन-तीन वर्षांत त्यांना गळा आवळल्यासारखं वाटणं स्वाभाविक होतं. मी त्या मेजावर असतो तर आणखी थोडे प्रस्ताव निदान वाचून दाखवायला तरी परवानगी द्या, असं सुचवलं असतं. सदस्याचं म्हणणं नामंजूर झालं तरी ते सभागृहाने ऐकलेलं असलं की निम्मा राग तिथेच निवतो.

१८ डिसेंबर १९५४ ला विरोधी बाकावरचे विघ्नेश्वर मिसिर यांनी ठराव मांडला. चर्चा झाली आणि ठराव फेटाळला गेला. पण निकालापेक्षा चर्चा कशी झाली ते महत्त्वाचं. घटनेच्या कलम ९६ प्रमाणे स्वतःला हटवण्याचा ठराव चर्चेला असताना अध्यक्ष आसनावर बसू शकत नाहीत. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार पीठासीन होते. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सभागृहातच सांगितलं की हा पक्षाचा प्रश्न नाही, पक्षादेश बाजूला ठेवून ज्याला जसं वाटेल तसं मत द्या. प्रचंड बहुमत पाठीशी असलेल्या पंतप्रधानाला हे सांगायची काही गरज नव्हती. तुमच्या मार्गदर्शकांना अध्यक्षाच्या निःपक्षपाताचा पुरावा हवा असेल तर तो एकट्या मावळंकरांत शोधू नका. सभागृहाचा नेता अध्यक्षाला किती मोकळं सोडतो, यावरही तो ठरतो. ही दोन माणसं एकाच वेळी मिळाली, हा त्या लोकसभेचा नशिबाचा भाग होता.

त्यानंतर मावळंकरांना फार वेळ मिळाला नाही. २७ फेब्रुवारी १९५६ ला अहमदाबादेत हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या.

तुम्ही जाता जाता विचारलंय की अध्यक्षपद म्हणजे राजकीय कारकिर्दीचा पूर्णविराम असतो का. दिल्लीकडे न बघता आपल्या विधान परिषदेकडे बघा. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं तिथे सभापती होते. त्या आसनावर असतानाच त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. सभापतींनी रोजच्या पक्षीय राजकारणात पडायचं नाही, पण खडी फोडणाऱ्या मजुराच्या पोटाचा विचार करायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

आता पुढचं काम. १८ डिसेंबर १९५४ चं लोकसभेचं संपूर्ण कार्यवृत्त काढा. सारांश वाचू नका, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आधी विरोधकांच्या तक्रारी तुमच्या शब्दांत एका कागदावर उतरवा, मग मावळंकरांनी १९५० ते ५४ मध्ये सुरू केलेल्या प्रत्येक आयुधासमोर ती तक्रार ठेवून बघा, कुठली तक्रार कशाने भागते आणि कुठली तशीच उरते. उरलेल्या तक्रारी लपवू नका. तुमच्या मार्गदर्शकांच्या शेऱ्याचं उत्तर त्या उरलेल्या रकान्यात आहे. मुंबई विधानसभेची १९३७ ते ३९ ची कार्यवृत्तंही विधिमंडळाच्या ग्रंथालयात मागून बघा. खोती विधेयकाच्या दिवसापासून सुरुवात करा. नवा मसुदा झाला की पाठवा, मी वाचून ठेवीन.